वसई-विरारकरांनो, आज रात्री तुमच्या शुगर ग्लायडरची वाटी बघा

नायगावपासून विरारपर्यंत ज्यांच्या ज्यांच्या घरी शुगर ग्लायडर आहे, त्या सगळ्यांना हात जोडून विनंती आहे. आज रात्री खाऊची वाटी पिंजऱ्यात ठेवण्याआधी तिच्यात काय आहे ते नीट बघा. केळ्याचे काप, सफरचंद, द्राक्षं, मक्याचे दाणे, वर दोन-चार मीलवर्म एवढंच असेल, तर पुढचं सगळं वाचा. तुमचा ग्लायडर ते चवीने खातो. त्याचं पोटही भरतं. पण याच वाटीपायी त्याची हाडं आतून विरत चाललेली असू शकतात.

हा जीव जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅमचा. दिसतो खारीसारखा, पण आहे कांगारूसारखा पिशवीवाला. मूळचा ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचा. तिथे तो बाभळीच्या नि निलगिरीच्या जातीच्या झाडांचा डिंक चाटतो, फुलांतला मध आणि पराग खातो, किडे पकडतो. बाभळीच्या डिंकात कॅल्शियम असतं. आपल्या फ्लॅटमधल्या पिंजऱ्यात ते कुठून येणार? आणि रक्तात कॅल्शियम ठरावीक राहावंच लागतं. हृदय, स्नायू, नसा सगळं त्यावर चालतं. खाण्यातून ते मिळालं नाही, की गळ्यातल्या इवल्या ग्रंथी ते हाडांतून ओढून घेतात. आज थोडं, उद्या थोडं. वरून काही कळत नाही. मग एके रात्री तो मागचे पाय फरफटत येतो. साध्या उडीत हाड मोडतं. अंग थरथरतं, झटके येतात. पिंजऱ्यापाशी बसलेली मुलं विचारतात, ‘याला काय झालं?’

ही वेळ तुम्ही टाळू शकता. त्यासाठी एक हिशेब समजून घ्या. ग्लायडरच्या खाण्यात कॅल्शियम हे फॉस्फरसच्या दीड ते दोन पट हवं. फॉस्फरस वाढला, की खाल्लेलं कॅल्शियमही अंगी लागत नाही. आता आपलं केळं बघा. १०० ग्रॅम केळ्यात कॅल्शियम सुमारे ५ मिलिग्रॅम, फॉस्फरस सुमारे २२. मक्याची तर गोष्टच नको: २ ला ८९. द्राक्षं आणि सफरचंदही उलट्याच बाजूला. मीलवर्ममध्ये फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट जास्त. वसईच्या माणसाला केळ्याबद्दल असं ऐकवणं जिवावर येतं. राजेळी पिकवणारं, सुकेळी वाळवणारं हे गाव! घरात आल्यागेल्याच्या हातावर आपण केळंच ठेवतो. तुम्ही खा, मुलांना द्या. ग्लायडरला मात्र चवीपुरता एखादा तुकडा, बस्स. त्याऐवजी पपई द्या, संत्र्याची फोड द्या, अंजीर द्या. या फळांत कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त असतं.

पण नुसत्या फळांनी भागणार नाही. त्याला वरून कॅल्शियम लागतंच. आणि इथेच दुसरा धोका आहे. घाबरून आजीच्या डब्यातली कॅल्शियमची गोळी कुटून घालू नका. ती गोळी पन्नास-साठ किलोच्या माणसासाठी असते, तुमचा ग्लायडर त्याच्या जेमतेम पाचशेव्या हिश्श्याएवढा. अशा गोळीत बहुधा डी-३ जीवनसत्त्वही असतं. ते जास्त झालं, की मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचायला लागतं, आणि वाचवायला गेलेला हातच घात करतो. कुत्र्याचं सिरपही देऊ नका. बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचा. ‘कॅल्शियम फॉस्फेट’ असेल, तर ज्या फॉस्फरसपासून पळायचं तोच पुन्हा पोटात जातोय. मागायची ती फॉस्फरस नसलेली कॅल्शियमची पूड. किती, आठवड्यातून किती वेळा, डी-३ सकट की त्याशिवाय, हे पशुवैद्यांनाच ठरवू द्या. त्यांनी सांगितलेलं मोजूनच घाला. आणि डी-३ साठी त्याला वसईच्या उन्हात ठेवू नका. तो रात्रीचा प्राणी आहे, त्या उन्हाने त्याचा जीव जाऊ शकतो.

मादी असेल आणि पिशवीत पिल्लू असेल, तर एक दिवसही दवडू नका. सोळा दिवसांच्या गरोदरपणानंतर तांदळाच्या दाण्याएवढं पिल्लू पिशवीत चढतं आणि साधारण सत्तर दिवस तिथेच दुधावर वाढतं. बाहेर आल्यावरही पितच राहतं. बहुतेकदा पिल्लं दोन असतात. त्या सगळ्या दुधातलं कॅल्शियम आईच्या अंगातून जातं. बाळंतिणीची झीज भरून यावी म्हणून आपण तिला डिंकाचे, अळिवाचे लाडू खाऊ घालतो. या आईलाही तशीच भर लागते. लाडू नव्हे, तिच्या वजनाला बेतलेलं कॅल्शियम.

तुम्ही सकाळची विरार लोकल पकडता आणि रात्री नऊ-दहाला घरी येता, हे माहीत आहे. तो दिवसभर झोपतो, म्हणून त्याचं दुखणं नजरेला पडत नाही. आज जेवण झालं की दिवे मंद करा आणि दहा मिनिटं त्याच्याकडे बघा. जाळीवर चढतो का? चारही पायांनी पकडतो का? नेहमीची उडी टाळतो का? मागचा भाग लुळा वाटतो का? हे काम मुलांनाही सांगा. मोठ्यांच्या नजरेतून सुटलेलं त्यांना आधी दिसतं.

काहीही वेगळं दिसलं, तर त्याला उंच पिंजऱ्यातून काढून बुटक्या, मऊ फडकं अंथरलेल्या खोक्यात ठेवा, म्हणजे पडून हाड मोडणार नाही. घरगुती उपाय करत बसू नका. लवकर पकडलं तर हे दुखणं आटोक्यात येतं, लुळे पडलेले पाय पुन्हा चालू लागू शकतात. उशीर झाला तर वाकलेली, मोडलेली हाडं पूर्ववत होतीलच असं नाही. जवळच्या पशुवैद्यांना आधी फोन करा आणि शुगर ग्लायडर तपासता का, हे स्पष्ट विचारा. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक दवाखाना ते करतोच असं नाही. जवळ कुणी मिळालं नाही, तर परळला १८८६ पासून मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आवारात प्राण्यांचं रुग्णालय आहे. तिथेही आधी चौकशी करा, आणि नेताना गर्दीची गाडी टाळा. झटके येत असतील तर जो पशुवैद्य सगळ्यांत आधी गाठता येईल, त्याच्याकडे निघा. काय काय खाऊ घालता ते कागदावर लिहून न्या, पूड किंवा सिरप देत असाल तर बाटलीच सोबत घ्या.

दुकानदारांनो, तुम्हालाही सांगणं आहे. पिल्लू विकताना ‘फळं खातो’ एवढंच सांगून गिऱ्हाईक वाटेला लावू नका. कॅल्शियमचं सांगा. आणि लेकराच्या वाढदिवसाला ग्लायडर आणायचा बेत करणाऱ्या आईबाबांनो, जरा थांबा. नीट सांभाळला तर तो दहा-बारा वर्षं जगतो. तिसरीतलं मूल कॉलेजात जाईपर्यंत रोज रात्री त्याची वाटी तुम्हालाच भरायची आहे. ते जमणार असेल, तपासणारा पशुवैद्य आधी शोधून ठेवला असेल, तरच आणा.

ज्यांच्या घरी तो आलेलाच आहे, त्यांनी उद्या सकाळी गाडी पकडण्याआधी पशुवैद्यांची वेळ घ्या. तुमच्या इमारतीत आणखी कुणाकडे ग्लायडर असेल, तर आज रात्रीच त्यांचं दार वाजवा.