पहिला डीएसएलआर, पहिलं वर्ष

दिवाळीची सुट्टी संपली की मंडळाच्या ग्रुपवर एक प्रश्न ठरलेला असतो. "पहिला डीएसएलआर घ्यायचाय. कॅनन की निकॉन?" मग मेसेजचा पाऊस. कुणी म्हणतं मिररलेस घे, कुणी म्हणतं फोन असताना कशाला, कुणी नुसतेच हसरे चेहरे टाकतं. महिनाभराने विचारणाऱ्याच्या गळ्यात कॅमेरा दिसतो आणि विषय संपतो. कॅमेरा आल्यावर त्याचं करायचं काय, हे कुणी विचारत नाही. मला बोलायचंय ते त्याबद्दल.

आधी तो प्रश्न निकालात काढते. तुमच्या मामाकडे, शेजारच्या दादाकडे किंवा एखाद्या सीनियरकडे ज्या कंपनीचा कॅमेरा आहे, त्या कंपनीचा घ्या. रविवारपुरती त्यांची लेन्स मिळेल आणि अडलं की विचारायला माणूस असेल. बाकी फरक पहिल्या वर्षात कळण्याइतका नाही. नवाच हवा असा हट्टही नको. दोन्ही कंपन्यांचं लक्ष आता मिररलेसकडे आहे, त्यामुळे हौसेने घेतलेले आणि कपाटात पडून राहिलेले डीएसएलआर जुन्या बाजारात भरपूर आहेत. २०१६ मधला कॅनन १३००डी किंवा २०१८ मधला निकॉन डी३५००, सोबत १८-५५ ची किट लेन्स. शिकायला एवढं पुष्कळ झालं.

जुना घेताना लेन्स काढून तिच्यातून मोबाईलचा टॉर्च मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे, सरळ नाही म्हणा. शटर किती वेळा उघडलंय तेही विचारा. निकॉनमध्ये हा आकडा प्रत्येक फोटोच्या माहितीत लपलेला असतो, फोटो घेऊन तपासता येतो. कॅननमध्ये तो बहुतेक वेळा फोटोत सापडत नाही. आणि निकॉनच्या ३००० किंवा ५००० मालिकेतला कॅमेरा घेतलात तर स्वस्तात मिळतेय म्हणून जुनी 'एएफ-डी' लेन्स उचलू नका. या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, त्यामुळे त्या लेन्सवर फोकस हातानेच करावा लागतो. दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही.

आता माझ्या गावाबद्दल. मी पादऱ्याची. नाव ऐकून हसून झालं असेल तर पुढे वाचा. बडोद्यापासून पंधराएक किलोमीटरवरचं हे तालुक्याचं गाव. मराठी इतिहासात त्याचं नाव येतं ते कैदेसाठी: मल्हारराव गायकवाड १८७० मध्ये गादीवर बसले, त्याआधी ते पादऱ्यात बंदिवान होते. गायकवाडीत नोकऱ्यांच्या निमित्ताने या मुलखात मराठी घरं येऊन राहिली, त्यातलंच एक आमचं. आजी मराठीच बोलते, पण मला कॅमेरा घेऊन बसलेली बघून म्हणते, "अगं, किती फोटो पाडशील?" गुजरातीत फोटो 'पाडतात'. हिंदीत 'खींचते हैं'. मराठीत आपण 'काढतो', चित्र काढावं तसा. आजीने सगळं आयुष्य गुजरातेत काढलंय, त्यामुळे तिच्या मराठीत फोटो पडतोच. मला ते आवडतं, दुरुस्त करावंसं वाटत नाही.

आमच्यासारख्या गावात मुलगा डीएसएलआर घेतो तो बहुतेक वेळा लग्नांच्या ऑर्डरी डोळ्यासमोर ठेवून. हप्त्यावर घ्यायचा, दोन-तीन लग्नं केली की पैसे वसूल, असा हिशोब घरच्यांना सांगितलेला असतो. आईने बाबांकडे शब्द टाकलेला असतो. हा हिशोब मला मुळातच पटत नाही, आणि त्याचं कारण कॅमेऱ्याच्या आतच आहे. किट लेन्स झूम करून ५५ वर नेली की तिचं तोंड एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांत मग आयएसओ ३२०० किंवा त्याच्याही वर न्यावा लागतो आणि नवरीच्या शालूवर रांगोळी सांडल्यासारखे ठिपके येतात. सुरुवातीच्या मॉडेलांत मेमरी कार्डला जागा एकच असते. ते कार्ड बिघडलं तर? सप्तपदी पुन्हा घ्या, असं कुणाला सांगणार? जाणते फोटोग्राफर दोन कॅमेरे बाळगतात ते मिरवायला नाही. लग्नाचंच काम करायचं असेल तर पहिलं वर्ष त्यांच्यापैकी कुणाच्या हाताखाली दिवे धरा. तेवढ्यासाठी स्वतःचा कॅमेराही लागत नाही.

मग फोन असताना हा बोजा गळ्यात घ्यायचा कशाला? प्रश्न रास्त आहे आणि फोनवाल्यांची बाजू मी अर्धी मान्य करते. ९ जुलै २०२५ ला सकाळी महीसागरवरचा गंभीरा पूल कोसळला. आमच्या तालुक्यातल्या मुजपूरला आणंद जिल्ह्याशी जोडणारा १९८५ चा पूल. वाहनं नदीत गेली, माणसं गेली. जगाला ते कळलं फोनमधूनच. अशा वेळी फोन लागतो, आणि खरं तर त्याआधी मदतीला रिकामे हात लागतात. तिथे लेन्स बदलत बसणारा कुणालाच नको असतो.

पण त्यानंतरच्या आठवड्यात घरात आम्ही त्या पुलाचा उभा असतानाचा फोटो शोधत होतो. किती वेळा गेलो असू त्यावरून, मोजदाद नाही. चार फोन उलटेपालटे केल्यावर एक सापडला. त्यात माझ्या आतेभावाचा चेहरा आहे आणि कानामागे हातभर कठडा. पूल असा कुठेच नाही. फोन आपण काही घडलं की काढतो किंवा स्वतःला बघायचं असलं की काढतो. जे रोज उभं असतं त्यासाठी तो खिशातून बाहेर येत नाही. डीएसएलआरचं तसं नसतं. तो घरातून नेतानाच तुम्ही ठरवलेलं असतं की आज काहीतरी बघायला चाललोय. डोळा खिडकीला लावायचा, आरसा वर उडाल्याचा खट् आवाज ऐकायचा, आणि क्लिक करण्याआधी दोन आकडे ठरवायचे. एवढ्या सगळ्यात जो वेळ जातो, मला हवा आहे तो वेळच.

हे आकडे शिकायला कोर्स लागत नाही. वरची चकती 'ऑटो'वरून काढा आणि निकॉनमध्ये 'ए', कॅननमध्ये 'एव्ही'वर ठेवा. छिद्र किती उघडायचं ते तुम्ही ठरवता, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो. पहिले चार महिने एवढंच. आजीला स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसवा, ट्यूबलाईट बंद करा, फ्लॅश तर उघडूच नका. लेन्स २४ च्या आसपास, छिद्र उघडेल तेवढं उघडं, आयएसओ ८०० ते १६००. शटर एक साठांश सेकंदाच्या खाली जात असेल तर आयएसओ वाढवा, नाहीतर लाटणं फिरवणारा हात पुसट येईल. (पुसट हात कधीकधी चांगलाही दिसतो. पण तो तुम्ही ठरवून आणलेला असावा.)

यापुढचा धडा मी शेतात शिकले आणि तो पुस्तकातल्यापेक्षा चांगला आहे. पादरा, करजण, जंबुसर या पट्ट्याला कानम म्हणतात. काळी माती, आणि तिच्यावर कापूस. कापूस फुटल्यावर पांढऱ्या बोंडांनी भरलेली चौकट घेऊन फोटो काढा. स्क्रीनवर कापूस मळका, राखाडी दिसेल. कॅमेरा बिघडलेला नाही. त्याच्या मीटरला समोर काय आहे ते कळत नाही, तो सगळ्या जगाची सरासरी मध्यम करडी धरून चालतो. पांढरं खूप दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो काळवंडवतो. मग अधिक-उणे चिन्हाचं जे बटण असतं ते वापरून एक घर अधिक करा, कापूस पांढरा होईल. तिथेच बांधावर म्हैस उभी असेल तर उलटं. चौकटभर म्हैस घेतलीत की कॅमेरा तिला करडी करून टाकतो, एक घर उणे करा की ती पुन्हा काळी. एका संध्याकाळी एकाच बांधावर कापूस आणि म्हैस काढून बघितली की मीटर समजतो. मुंबईत कापूस आणि म्हैस नसेल तर गच्चीत वाळत टाकलेलं पांढरं धोतर आणि वकिलाचा काळा कोट चालेल.

दुसरी लेन्स पहिल्या वर्षात घेऊ नका. ५० एमएम एफ/१.८ चांगली आहे, स्वस्त आहे, सगळे घ्या म्हणतात, मान्य. पण ती आली की पुढचे तीन महिने मागचं धूसर केलेले चेहरेच निघतात. चेहरा स्पष्ट, मागे सगळं विरघळलेलं. मला मात्र ते मागचंच हवंय. आजीच्या मागची फळी, तिच्यावरचे पितळी डबे, भिंतीवरचं कॅलेंडर. किट लेन्सला ते विरघळवणं नीट जमत नाही, आणि पहिल्या वर्षात ही तिची उणीव तुमच्या कामाची आहे.

किती फोटो काढायचे याबद्दल माझं मत कडक आहे: एका फेरीत बारा. ही कल्पना होमाई व्यारावाला यांच्यामुळे सुचली. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३, नवसारीचा, आणि नवसारी तेव्हा बडोदा संस्थानात होतं. दिल्लीत काम करून त्यांनी १९७० मध्ये कॅमेरा खाली ठेवला. आयुष्याची शेवटची वर्षं त्या बडोद्यात एकट्या राहिल्या, बाग सांभाळत. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि १५ जानेवारी २०१२ ला बडोद्यातच त्या गेल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून आले, ही गोष्ट आपल्या मंडळातल्या मुलींनी लक्षात ठेवावी. त्या वापरत त्या रोलीफ्लेक्समध्ये एका रोलवर बारा फोटो निघत. बारा झाले की रोल बदला, आणि तेवढ्या वेळात नेते निघून गेलेले असायचे. आपल्या कार्डात हजारो मावतात, म्हणून आपण एका बकरीचे साठ काढतो आणि घरी येऊन एकही बघत नाही.

बडोद्याचंच दुसरं नाव ज्योती भट्ट. मूळचे चित्रकार आणि मुद्राचित्रकार, फाइन आर्ट्सचे प्राध्यापक. १९६७ मध्ये गुजरातच्या लोककलांवरच्या एका परिसंवादासाठी त्यांनी कॅमेरा घेऊन खेडी धुंडाळायला सुरुवात केली, आणि पुढे कित्येक वर्षं भिंतींवरची चित्रं, अंगणातल्या रांगोळ्या, हातावरचं गोंदण टिपत राहिले. या गोष्टी टिकणाऱ्या नसतात. भिंत पुढच्या दिवाळीला सारवली जाते, रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसते, गोंदण त्या बाईबरोबर जातं.

आमच्या घरच्या ट्रंकेत एक जुना फोटो आहे. पाच माणसं, तिघं खुर्चीवर, दोघं मागे उभे. पगड्यांवरून मराठी आहेत हे कळतं. मागच्या बाजूला फक्त स्टुडिओचा शिक्का. डावीकडचे पणजोबा, एवढं आजीला ठाऊक आहे. बाकीचे चौघं कोण ते सांगू शकणारं आता कुणी राहिलं नाही. फोटो उत्तम आहे, फोकस अगदी मिशीच्या केसावर, पण आमच्या दृष्टीने त्यातली चार माणसं हरवलेली आहेत. म्हणून माझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीत एक वही असते. बारा फोटो, बारा नोंदी: कोण, कुठे, कधी, काय म्हणाले. भाजीबाजारात परवल विकणाऱ्या मावशींचा फोटो काढला तर आधी विचारायचं, मग काढायचा, मग नाव लिहायचं, आणि पुढच्या वेळी एक प्रिंट नेऊन द्यायची. प्रिंट मिळाली की त्या स्वतःच सांगू लागतात की आता कुणाचा काढ. फुकट फोटोला तयार होणारे लोक आणि नाव विचारल्यावर तयार होणारे लोक वेगळे असतात, हे मला वही बाळगल्यावर कळलं.

मित्र म्हणतात, हे सगळं कमाई नसणाऱ्यांचं तत्त्वज्ञान आहे, घरात पैसा लागतो त्याचं काय. बरोबर आहे. म्हणूनच हप्त्यावर नवा घेऊ नका म्हणते. जुन्या कॅमेऱ्यात गुंतलेला पैसा कमी असतो, आणि वर्षभराने विकला तर फारसा पडत नाही. हप्ता चालू असला की प्रत्येक क्लिकमध्ये वसुली दिसायला लागते, आणि मग आजीचा नंबर कधीच लागत नाही. पावसाळ्यात मात्र त्याला चामड्याच्या पिशवीत कोंडू नका. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. बडोद्याकडच्या ऑगस्टमध्ये बुरशीला फार दिवस लागत नाहीत, मुंबईत तर त्याहून कमी.

राहता राहिली आपल्या मंडळाची छायाचित्र स्पर्धा. 'फोटो डीएसएलआरनेच काढलेला असावा' हा नियम यंदा काढून टाकावा, असं मी समितीला लिहून दिलं आहे. फोन असो, आजोबांचा रिळाचा कॅमेरा असो, काहीही चालावं. त्याऐवजी एक नियम घालावा: फोटोखाली तीन ओळी हव्यात, मराठीत, त्यातल्या माणसाच्या किंवा जागेच्या नावासकट. आपण वाङ्मय मंडळ आहोत, तीन ओळी मागणं फार होऊ नये. समितीतल्या काहींना वाटतं की त्यामुळे प्रवेशिका कमी येतील. येऊ देत.