यंत्राचा डोळा आणि माणसाचा हात

आमच्या रानांत वाघ दिसण्यापूर्वीं त्याची पाऊलखूण दिसते. जाणता गुराखी ती पाहून गुरें माघारीं वळवितो. रोगाचीही पाऊलखूण अशीच वेळेवर ओळखितां आली, तर केवढें कल्याण होईल!

मोठ्या आंतड्याचा कर्करोग पुष्कळदा आंतल्या भिंतीवरील एका लहानशा उंचवट्यापासून उद्भवतो. त्यास पॉलिप म्हणतात. सर्वच पॉलिप घातक नसतात. पण जे घातक होतात, त्यांस बहुधा दहाएक वर्षें लागतात. तेवढा अवधि आपल्या हातीं असतो.

हाउन्सफील्ड यांच्या सी.टी. यंत्रानें १९७१ सालीं प्रथम रुग्णाचें चित्र घेतलें. पुढें १९९४ सालीं अमेरिकेंत डॉ. व्हायनिंग यांनीं त्याच साधनानें आंतड्याचा आंतील देखावा रचून दाखविला. आंतडें वायूनें फुगवून शेंकडों पातळ छेदांचीं चित्रें घेतात. संगणक तीं जुळवितो, भिंतीवरील उंचवटे आकारावरून हुडकितो आणि संशयित जागेवर खूण करितो. मात्र राहिलेला मळ किंवा आंतड्याची घडी पाहून तो फसतोही. म्हणून निर्णय डॉक्टरांनींच द्यावयाचा; आणि पॉलिप काढण्यास दुर्बीण घालावीच लागते.

येथेंच आमचें म्हणणें आहे. पावसाळ्यांत पर्लकोटेस पूर आला कीं भामरागडची वाट बंद होते. यंत्रानें दोष दाखवावा आणि तो काढणारा हात मिळूं नये, तर तें ज्ञान उपकार न होतां जाचच ठरेल.

गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें गांवांतील स्त्रियांस शिकवून नवजात बालकांची घरींच शुश्रूषा करविली. त्यानें बालमृत्यु पुष्कळ घटले, हें १९९९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झालें. तेथें मोठें यंत्र नव्हतें. शिकलेलें माणूस दारीं जात होतें.

तेव्हां संगणकाचा डोळा आमच्या जिल्ह्यांत अवश्य यावा. जेथें तज्ज्ञ थोडे, तेथें त्यांस हा दुसरा डोळा मोलाचाच. परंतु त्याजबरोबर दुर्बीण, शस्त्रवैद्य आणि रुग्णास नेण्याआणण्याची सोयही यावी.

शेवटीं पालकांस व विद्यार्थ्यांस एक विनंती. शौचावाटे रक्त पडत असतां 'मूळव्याध असेल' म्हणून महिनोन्महिने लपवूं नका. घरच्या आजोबांस, आजीस आपण होऊन विचारा, आणि त्यांस डॉक्टरकडे घेऊन जा. जो रुग्ण लाजेनें घरींच बसला, त्याच्यापुढें जगांतील उत्तम यंत्रही आंधळेंच आहे.