खाज आणि लाज

परवा आईचं कपाट आवरत होतो. साड्यांच्या घड्यांमागे मलमाच्या सात रिकाम्या ट्यूबा सापडल्या. पिळून पिळून पार चपट्या झालेल्या. विचारलं तर म्हणाली, "काही नाही रे, घामोळं आलं होतं जरा." पण घामोळ्याचं औषध कुणी असं लपवून ठेवतं का?

शेवटी ती माझ्या बायकोजवळ बोलली. आठ महिने जांघेत आणि लघवीच्या जागी खाज, आग. रात्र रात्र झोप नाही. मंगळवारचं भजन तिने त्यामुळेच सोडलं होतं, सतरंजीवर तासभर बसवेना. आम्ही समजत होतो, गुडघे दुखतात!

आईला मधुमेह होऊन बारा वर्षं झाली. घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहा घेता घेता विचारतो, "काय, शुगर किती?" मीही फोनवर तेच विचारतो. "कुठे खाज येते का, आग होते का?" हे मात्र बारा वर्षांत कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते तिचं एक वाक्य. "मी एवढी स्वच्छ राहते, तरी मला असं कसं झालं?" हा अस्वच्छतेचा रोग आहे असं तिने धरूनच चाललं होतं. म्हणून दिवसातून तीनदा साबण, वर पाण्यात जंतुनाशक औषध. जितकं धुवावं तितकी आग जास्त.

डॉक्टरीणबाईंनी साध्या शब्दांत समजावलं. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की ती लघवीत उतरते. जागा उबदार, ओलसर, त्यात साखर... बुरशीला आणखी काय हवं? शिवाय वाढलेल्या साखरेने शरीराची लढायची ताकदही कमी होते. त्यात वर्षभरापूर्वी सुरू झालेली डापाग्लिफ्लोझिनची गोळी तर साखर लघवीवाटेच बाहेर काढते. गोळी गुणाची आहे, पण तिच्यामुळे हा त्रास होऊ शकतो हे घरात माहीत हवं. (म्हणून ती आपल्या मनाने बंद मात्र करायची नाही बरं का!)

आणि त्या ट्यूबा? औषधाच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय आणलेल्या. त्यात स्टेरॉइड होतं. त्याने खाज दोन दिवस दबते, बुरशी मात्र पसरत राहते आणि कातडी पातळ होते. अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा नियम सरकारने २०१८ मध्येच केला आहे. पण लाजेला चिठ्ठी कुठे असते? डॉक्टरला दाखवायची लाज, म्हणून दुकानदाराला हळूच विचारायचं.

उपाय फार मोठा नव्हता. बुरशीवरचं योग्य औषध, साखर आटोक्यात, साधं पाणी, मऊ कापडाने टिपून कोरडं करणं, सैल सुती कपडे. कोरड्या पडलेल्या पायांना तेल किंवा क्रीम, पण बोटांच्या बेचक्यात नाही, ती कोरडीच ठेवायची. महिन्याभरात आई पुन्हा भजनाला जाऊन बसली.

मला वाटतं, आपल्याकडे स्वच्छता ही सवय राहिली नाही, ती चारित्र्याचा दाखला झाली आहे. त्यातही बाईच्या. म्हणून खाज सुटली की आधी अपराधी वाटतं, आजारी नाही. पुरुषांचंही वेगळं नाही, ते फक्त हसण्यावारी नेतात. कित्येकांना तर मधुमेह असल्याचं अशा न जाणाऱ्या खाजेनेच पहिल्यांदा कळतं. लपवलेली खाज म्हणजे लपवलेला निरोपच की!

असो. तुमच्या घरी कुणाला मधुमेह असेल तर आज शुगरचा आकडा विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारा. थोडं अवघडल्यासारखं होईल. पण सात ट्यूबा सापडल्यावर जे वाटतं, त्यापेक्षा ते खूपच सोपं आहे.