उंच म्हणजे मोठं?

'जगातलं सर्वात मोठं सूर्यघड्याळ कोणतं' या वादाचा मला मनापासून वैताग आलाय. एक जण म्हणतो जयपूरचं सम्राट यंत्र, २७ मीटर. दुसरा कॅलिफोर्नियातल्या रेडिंगचा सनडायल ब्रिज काढतो, ६६ मीटर. की तिसरा लगेच तैपेई १०१ घेऊन येतो, ५०८ मीटर, त्याची सावली शेजारच्या गोल बागेवर पडते म्हणे. संपला खेळ! या हिशोबाने उद्या मोबाईलचा टॉवरसुद्धा घड्याळच.

अरे, पण घड्याळ आहे ना ते? मग वेळ किती नीट दाखवतं ते विचारा की!

रेडिंगचा पूल कालात्रावाचा, २००४ सालचा. देखणा आहे, प्रश्नच नाही. पण त्याची सावली अगदी अचूक वेळ दाखवते ती वर्षातून एकाच दिवशी, २१ जूनच्या सुमारास. वर्षातून एक दिवस नीट चालणारं सॉफ्टवेअर आम्ही क्लायंटला दिलं तर काय होईल?

सवाई जयसिंगाचं यंत्र १७३४ च्या सुमाराचं. त्याची तिरपी भिंत २७ अंशांत चढते, म्हणजे जयपूरच्या अक्षांशाइतकीच. त्यामुळे ती पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहते आणि त्याच खुणा बाराही महिने चालतात. सावली मिनिटाला साधारण सहा सेंटिमीटर सरकते, सेकंदाला एक मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांनी दिसते सरकताना! पितळी यंत्रं लहान असतात, त्यांचे आस झिजतात, म्हणून जयसिंगाने दगडात मोठं बांधलं. आकाराला कारण होतं.

पण नुसतं मोठं करून भागत नाही, आणि उंचीवाल्यांना नेमकं हेच कळत नाही. सूर्य म्हणजे बिंदू नव्हे, अर्ध्या अंशाची थाळी आहे. त्यामुळे सावलीची कड धूसर होते. तो धूसर पट्टा खिशातल्या सूर्यघड्याळावरही दोन मिनिटांचा आणि जयपूरलाही दोन मिनिटांचाच, फक्त तिथे तो बारा-तेरा सेंटिमीटर रुंद. मेगापिक्सेल वाढवले, लेन्स तीच! मग जयपूरला दोन सेकंदांच्या खुणा कशाला? कारण तिथे पृष्ठभागाजवळ बारीक दोरा ताणून धरतात आणि त्याची सावली मोठ्या सावलीच्या कडेत कुठे विरते ते बघतात. खरी अचूकता त्या दोऱ्यामुळे येते, २७ मीटर उंचीमुळे नाही. दोऱ्याची लांबी कुठल्या यादीत वाचलीय का कोणी?

यादी करायचीच तर दोन आकडे लिहा: वर्षातले किती दिवस बरोबर, आणि किती सेकंदांपर्यंत. मीटर गेले खड्ड्यात.

आणि हो, तिथे मनगटावरचं घड्याळ बघून 'छे, हे तर चुकतंय' म्हणणाऱ्यांसाठी: जयपूरची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटं मागे आहे, वर ऋतूप्रमाणे पाव तासापर्यंत इकडे-तिकडे. आधी ते गणित करा, मग यंत्राला नावं ठेवा.