सामूहिक लेखणीचे दप्तर

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी भागभांडवल उभारून, सहकाऱ्यांचे मंडळ जमवून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्धीस नेले, आणि पुढे वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे प्रचंड कार्य उभे राहिले, तेव्हा मराठी माणसाला संघकार्य साधत नाही या आक्षेपाला कृतीनेच उत्तर मिळाले. परंतु कोणत्या नोंदीतील कोणते विधान कोणी बदलले आणि कोणत्या कारणास्तव, हा सारा तपशील संपादन-कचेरीच्या दप्तरातच राहिला. छापील पानापर्यंत तो पोहोचणे त्या काळी शक्यही नव्हते.

हा तपशील सर्वांस खुला करण्याचे सामर्थ्य संगणकीय साधनांनी दिले. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९५ साली वाचकालाच पान दुरुस्त करू देणारी ‘विकी’ ही पद्धती प्रचारात आणली, २००१ साली तिच्या आधारे विकिपीडिया अवतरला आणि १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. तेथे प्रत्येक लेखाला दोन पाने जोडलेली असतात: मतभेद मांडण्यासाठी ‘चर्चा’, आणि प्रत्येक फेरफार तारीख, वेळ व कर्त्याच्या ओळखीसह जतन करणारा ‘इतिहास’. चूक झाल्यास पूर्वीची आवृत्ती परत आणता येते, म्हणून नवख्यालाही हात घालण्याचे धैर्य होते. आणि सर्वांच्या सामाईक प्रश्नांचा खल जेथे होतो त्या पानाला या मंडळींनी ‘चावडी’ हेच नाव दिले आहे.

याउलट आपल्या बहुतेक संस्थांत अहवालाचा मसुदा, त्यावरील हरकती, झालेला निर्णय आणि सणावारांच्या शुभेच्छा हे सर्व एकाच व्हॉट्सअॅप समूहात कालवले जाते. परिणामी महिन्याभराने ठराव नेमका काय झाला याविषयी सभासदांत दुमत होते, आणि ज्याने निमूटपणे सर्वाधिक श्रम केले त्याचे नाव कोणाच्या स्मरणात उरत नाही. सामूहिक मसुद्याची सोय मोबाईलमध्ये हाताशी असूनही हे घडते, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण संघ मोडतात ते बहुधा मतभेदाने मोडत नाहीत, तर श्रमाची नोंद न राहिल्याने उपजणाऱ्या अविश्वासाने मोडतात.

अर्थात साधन नोंद ठेवील, निवाडा करणार नाही. विकिपीडियावरही नासधूस रोखण्यासाठी प्रचालक लागतात आणि वादग्रस्त विधानाला संदर्भ मागणारा दक्ष सदस्य लागतो. त्याचप्रमाणे अखेरची जबाबदारी कोणा एका नामनिर्दिष्ट व्यक्तीवर असल्यावाचून कोणतेही कार्य तडीस जात नाही. म्हणून ग्रंथालये, सहकारी संस्था आणि उत्सव मंडळे यांच्या चिटणीसांना माझी आग्रहाची विनंती आहे: मसुदा एका ठिकाणी सर्वांस खुला ठेवा, हरकती त्याच्याच शेजारी लिहवून घ्या, निर्णय तारखेनिशी वेगळा नोंदवा आणि प्रत्येक कामापुढे ते करणाऱ्याचे नाव लिहा.