निबंध आणि पायवाट



वर्गांत 'पावसाळा' हा विषय लिहावयास दिला कीं, बहुतेक वह्यांतून मोर नाचूं लागतात. आपल्या अक्कलकोटच्या काळ्या रानांत पहिल्या सरीनंतर चपलेला चिकटून पाऊल जड करणारा चिखल, बोरी नदीचें गढूळ पाणी, बांधावर मराठींत आरंभून कानडींत संपणारें दोन शेतकऱ्यांचें बोलणें, यांपैकीं त्या वह्यांत कांहींहि आढळत नाहीं. मुलांच्या अंगीं बुद्धि नाहीं असें मुळींच नव्हे. मला वाटतें, लिहिण्यापूर्वीं तीं चाललेलीं नसतात, हेंच याचें कारण होय.

आपल्याकडील एक उदाहरण घेऊं. कोंकणांतील वरसई गांवचे विष्णुभट गोडसे घरचें कर्ज फिटावें या आशेनें १८५७ सालीं उत्तरेकडे निघाले. वाटेंत बंडाची धामधूम उसळली आणि झांशीच्या वेढ्यांत ते सांपडले. पुढें आईबापांस स्नान घालण्यासाठीं गंगेची कावड घेऊन ते परतले. हे गृहस्थ भिक्षुक होते, ग्रंथकार नव्हते. तथापि पुष्कळ वर्षांनीं त्यांनीं आठवून लिहिलेला व १९०७ सालीं प्रसिद्ध झालेला 'माझा प्रवास' आजहि आवडीनें वाचला जातो. पायांनीं तुडविलेली वाट मनांत किती काळ टिकते, याचा हा पुरावाच आहे.

आपल्याच जिल्ह्यांतील पंढरपूरची वारीहि पाहा. आळंदीहून तेथवर सुमारें अडीचशें किलोमीटर वाट. विदुषी इरावती कर्वे दिंडीबरोबर चालल्या, म्हणूनच भक्तीच्या त्या प्रवाहांतहि जातीजातींचीं निरनिराळीं पंगत कशी मांडली जाते, तें त्यांना दिसलें व बोचलें. 'वाटचाल' हा त्यांचा लेख त्या बोचणींतून उतरला. पुण्यांत रेडिओदुरुस्तीचा व्यवसाय करणारे लेखक दि. बा. मोकाशी हेहि पालखीबरोबर चालले व १९६४ सालीं त्यांचें 'पालखी' हें पुस्तक निघालें. मोटारींतून गेले असते तर दोघांनाहि गर्दी तेवढी दिसली असती.

शास्त्रज्ञांनींहि ही गोष्ट पारखून पाहिली आहे. अमेरिकेंतील स्टॅन्फर्ड विद्यापीठाच्या दोघां संशोधकांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बसलेल्यांपेक्षां चालणाऱ्यांना नव्या कल्पना सरासरीनें सुमारें ६० टक्के अधिक सुचल्या. समोर कोरी भिंत ठेवून यंत्राच्या पट्ट्यावर चालविलें तरीहि गुण आला, आणि खालीं बसल्यावरहि तो कांहीं वेळ टिकला. मात्र ज्या प्रश्नाचें एकच उत्तर असतें, तेथें चालण्याचा उपयोग झाला नाहीं. तेव्हां गणित सोडवितांना खुशाल बैठक मारावी. निबंधाची जुळवाजुळव करतांना मात्र उठावें.

पालकांस येथें दोन शब्द सांगावेसे वाटतात. मूल हिंडूं लागलें कीं वेळ दवडतें, अशी आपली समजूत असते. शिवाय वाहनांची भीति आहे, आणि मुलींच्या बाबतींत ती काळजी अधिक. ती खोटी नव्हे. पण त्यावर उपाय मुलांस कोंडणें हा नसून त्यांच्याबरोबर चालणें हा आहे. सकाळीं अर्धा तास बापानें किंवा आईनें मुलीसह शिवारापर्यंत जावें, आणि फोन घरीं ठेवावा. ज्यांना चालतां येत नाहीं त्यांनीं खिन्न होऊं नये. ओसरीवर बसून रस्ता न्याहाळणाराहि पुष्कळ मिळवितो. नुसत्या पायपिटीनेंहि कोणी लेखक होत नाहीं. परत येऊन लेखणी हातीं धरावीच लागते.

असो. विद्यार्थ्यांनो, पुढील निबंधापूर्वीं एकदां गांवाबाहेर जाऊन या. मोर भेटला तर अवश्य लिहा. न भेटल्यास जें भेटलें तें लिहा. तें तुमचें स्वतःचें असेल.