अडवलेल्या जाहिराती, अडलेला वाचक

नागझिरा, प्रतिनिधी : गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा अभयारण्याची सफारी नोंदवायची, तर हल्ली पर्यटक प्रथम मोबाइल हाती घेतो. वनखात्याचे संकेतस्थळ शोधताना 'प्रायोजित' असा बारीक शिक्का असलेले खासगी दुवे कित्येकदा आधी समोर येतात. पुढे जंगलाच्या कडेला नेटवर्क क्षीण झाले, की चार ओळींच्या माहितीआधी जाहिरातींची चित्रे आणि माग काढणारे अदृश्य प्रोग्राम उतरू लागतात. त्यांचा डेटा खर्च होतो तो वाचकाचाच; बॅटरीही त्याचीच. विजेविना ठेवलेल्या विश्रामगृहांसाठी ख्याती असलेल्या नागझिऱ्यात ही उधळपट्टी विशेष जाणवते.

जाहिराती अडविण्याची सोय नवी नाही. ॲपलने २०१५ मध्ये आयफोनच्या सफारी ब्राऊजरमध्ये त्यासाठी दार उघडले. अँड्रॉइडवरील फायरफॉक्सने डिसेंबर २०२३ मध्ये पूरक प्रोग्रामांची मर्यादित यादी पुन्हा विस्तारली. मात्र अँड्रॉइड फोनमध्ये बहुधा आधीपासूनच असणाऱ्या क्रोममध्ये असे पूरक प्रोग्राम बसविता येत नाहीत. गुगलच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा जाहिरातींतून येतो, हे ध्यानात घेतले म्हणजे यात नवल उरत नाही. फेब्रुवारी २०१८ पासून क्रोम स्वतःच अतित्रासदायक जाहिराती गाळतो खरा. पण त्रासदायक कोणत्या, हे जाहिराती विकणाऱ्याच्याच ब्राऊजरने ठरवावे, हा न्याय अजब म्हटला पाहिजे. अडविणारेही अगदी निःस्वार्थी नाहीत. 'ॲडब्लॉक प्लस' काही जाहिराती 'स्वीकारार्ह' ठरवून त्या दिसू देतो आणि त्यासाठी बड्या कंपन्यांकडून पैसे घेतो. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ मध्ये हा व्यवसाय अनुचित स्पर्धेच्या कायद्यात बसत नाही, असा निर्वाळा दिला.

येथे वृत्तपत्रांनी साळसूदपणाचा आव आणण्याचे कारण नाही. विनामूल्य ऑनलाइन आवृत्तीचा खर्च मुख्यतः जाहिरातींवरच चालतो. गोंदियाची बातमी पाठविणाऱ्याचे मानधनही त्यातूनच निघते. जाहिरात अडली, की तेवढी मिळकत बुडते. तथापि बातमीवर पडदा टाकणारी, बंद करण्याचे चिन्ह लपविणारी जाहिरात आम्हीच लावली, तर वाचकाने ती अडवावी यात त्याचा दोष कोणता?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीचे १३ प्रकार निषिद्ध ठरविले. त्यांत मजकुराच्या वेशात येणारी जाहिरातही आहे. जाहिरातीने वाचकाचा किती डेटा खावा, याविषयी मात्र त्यात अवाक्षर नाही.